ओक, पण पुण्याचे नव्हेत

जगातले सगळ्यांत प्रसिद्ध ओक पुण्याचे नाहीत, हे आमच्या बाबांना पटायला फार वेळ लागला. प्रोफेसर ओक एवढंच ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "कुठल्या कॉलेजात?" मी म्हटलं, कॉलेजात नाही, गावातच त्यांची प्रयोगशाळा आहे, पॅलेट टाऊनमध्ये. प्राण्यांवर संशोधन करतात. बाबांनी समजुतीने मान डोलावली. "निवृत्त झाले असतील. स्वस्थ बसवत नाही माणसाला."

हे ओक 'पोकेमॉन रेड' या खेळात पहिल्याच मिनिटाला भेटतात. पोकेमॉन नावाच्या प्राण्यांबद्दल छोटंसं भाषण करतात, तुमचं नाव विचारतात, मग स्वतःच्या सख्ख्या नातवाला पुढे करतात आणि म्हणतात, याचं नाव काय बरं? ते नाव तुम्ही सांगायचं. आजीला हा प्रसंग सांगितल्यावर ती हळहळली. "वय झालं की होतं असं. पण नातवाचं नाव विसरेपर्यंत घरचे काय करत होते? ब्राह्मी द्यायची सकाळ-संध्याकाळ." नावाला सातच अक्षरांची जागा होती, तीही इंग्रजी. चंद्रशेखर, पुरुषोत्तम आणि ज्ञानेश्वर यांनी या भानगडीत पडू नये, असा एकंदर सूर होता. नातवाला मी आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाचं नाव देऊन टाकलं. पुढे हा नातू जागोजागी वाटेत आडवा यायचा आणि मी किती मागे आहे हे ऐकवून जायचा, त्यामुळे नाव अगदी शोभून दिसलं.

यंत्र आमच्याकडे आलं ते आत्याच्या बॅगेतून. न्यू जर्सीहून आत्या यायची म्हणजे चॉकलेटं, साबण आणि आतेभावाला नको झालेल्या वस्तू यायच्या. आतेभावाने नवा रंगीत गेम बॉय घेतला, म्हणून जुना करडा नाशिकला रवाना झाला. निन्टेंडोने १९८९ साली जपानात काढलेलं ते मूळ मॉडेल, चांगलं दणकट, हातातून पडलं तर फरशीची काळजी वाटावी असं. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि रंग म्हणजे एकाच हिरवट रंगाच्या चार छटा. खेळाचं नाव 'रेड', पण लाल रंग दोनच ठिकाणी: कार्ट्रिजच्या प्लॅस्टिकला आणि पडद्याशेजारच्या बारक्या दिव्याला. हा दिवा सेल संपत आले की मंद होत जायचा. आमच्या घरात त्या दिव्याइतकी बारकाईने दुसरी कुठलीच ज्योत पाहिली गेली नसेल, समईसुद्धा नाही.

कारण सेल. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत. एक गेला की एकच आणून भागत नसे, चौघं एकदम निवृत्त होत. बाबांचा मात्र सेल मरतो यावर विश्वास नव्हता. सेल फक्त दमतो, अशी त्यांची धारणा. दमलेले सेल ते गच्चीत उन्हात ठेवत. उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि सेल अशी तीन वाळवणं शेजारी-शेजारी पडलेली असायची आणि राखणीला मी. उन्हं खाल्लेले सेल खरंच दहा-पंधरा मिनिटं चालायचे, आणि तेवढ्यावर बाबा आठवडाभर विजयी मुद्रेने वावरायचे. पडद्याच्या मागून उजेड येण्याची सोय नव्हती. भारनियमनाच्या वेळी खेळायचं तर टॉर्च हवा. टॉर्चला मोठे सेल लागत ही देवाचीच कृपा, नाहीतर टॉर्च आणि गेम बॉय यांची एकमेकांत उसनवारी सुरू होऊन दोन्ही बुडाले असते.

हा वाचायचा खेळ. उड्या मारायला, गोळ्या झाडायला काहीच नाही. चालायचं, माणसांशी बोलायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, आणि मारामारीसुद्धा आपली पाळी आल्यावर यादीतून नीट वाचून निवडायची. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, म्हणजे पाचवीत सुरू झालेलं. त्या बळावर मी अख्खा कांटो प्रांत पालथा घातला. जपानात खरोखरच कांटो नावाचा प्रदेश आहे, टोकियो त्यातच येतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा ते माझ्यासाठी सटाणा-मालेगावच्या पलीकडचं काहीतरी होतं. 'अँटिडोट', 'पॅरालाइझ', 'इव्हॉल्व्ह' हे शब्द मला 'अंब्रेला'च्या आधी लिहिता यायला लागले. तिमाहीच्या निबंधात 'माय पेट डॉग'बद्दल मी तो 'सुपर इफेक्टिव्ह' असल्याचं लिहिलं होतं. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली, पण मार्क कापला नाही.

कथानक सांगितल्यावर मात्र घरात खळबळ उडाली. जेमतेम दहा-अकरा वर्षांचा मुलगा एक दिवस घर सोडून निघतो, गावोगाव फिरतो, जंगलातून, गुहांतून जातो, प्राणी पकडतो आणि आठ ठिकाणच्या आठ उस्तादांना हरवून आठ बिल्ले मिळवतो. आई पोळ्या लाटता लाटता थांबली. "एकटाच?" एकटाच. "आणि त्याची आई?" त्याची आई टीव्ही बघत बसलेली असते आणि म्हणते की मुलं एक ना एक दिवस घर सोडून जातातच, तसं टीव्हीवर सांगितलंय. आईने लाटणं ठेवलं. "डबा तरी दिला का?" डबा नव्हता. थर्मास नव्हता, स्वेटर नव्हता. "काय बाई!" एवढंच ती म्हणाली, पण त्या दिवसापासून मला शेजारच्या बिल्डिंगमध्ये जायचं असलं तरी पाण्याची बाटली मिळायला लागली. बाबांनी वेगळाच प्रश्न काढला: वडील काय करतात? त्या खेळात वडील नाहीतच. त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. "तरीच," बाबा म्हणाले.

ओकसर तुम्हाला तीन पोकेमॉनपैकी एक देतात: पाठीवर कंद घेऊन फिरणारा बल्बसॉर, शेपटीला ज्वाळा असलेला चारमँडर आणि कासवासारखा स्क्वर्टल. घरात मतदान झालं. आजी म्हणाली, "देवळात गाभाऱ्यासमोर कोण असतं? कासव. मग विचारायचं काय त्यात?" पहिला उस्ताद ब्रॉक, दगडांचे प्राणी बाळगणारा. दगडापुढे पाणी भारी. दोन फवाऱ्यांत ब्रॉक आडवा झाला आणि आजीचा शब्द घरात कायमचा वर गेला.

ओकसरांबद्दल मला तेव्हा आदर होता. आज वाटतं, पीएच.डी.च्या गाइडचं याहून खरं चित्र कुणी काढलेलं नाही. ते तुम्हाला पहिलं काम सांगतात ते संशोधनाचं नसतं. पलीकडच्या गावात दुकानात त्यांचं पार्सल आलेलं असतं, ते आणून द्यायचं असतं. पार्सल दिल्यावर ते आपलं आयुष्यभराचं स्वप्न बोलून दाखवतात. सगळ्या पोकेमॉनची नोंद करायची आहे, आपण आता थकलो, तेव्हा ते तुम्ही करा. मानधन नाही, प्रवासभत्ता नाही. दीडशे प्राण्यांची नोंद पुरी झाली की सेलॅडन गावात एक माणूस बसलेला असतो, तो तुम्हाला काय देतो? प्रमाणपत्र. लॅमिनेट करून शोकेसमध्ये लावण्याजोगं.

हा खेळ बनवणारे सातोशी ताजिरी कधी महाराष्ट्रात येऊन राहून गेले असावेत, असा मला दाट संशय आहे. अधिकृत इतिहास वेगळं सांगतो. टोकियोजवळच्या माचिदा गावात त्यांचं बालपण गेलं, लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता, पुढे गावाचं शहर झालं आणि किडे गेले. १९८३ मध्ये त्यांनी 'गेम फ्रीक' नावाचं व्हिडिओ गेमबद्दलचं हाताने लिहिलेलं अनियतकालिक काढलं. आपल्याकडे अशी अनियतकालिकं काढणारे पुढे कवी होतात. ताजिरींनी कंपनी काढली. दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहून त्यांना वाटलं की या तारेतून किडे इकडून तिकडे जाऊ शकतील, आणि त्या एका कल्पनेवर सहा वर्षं घालवून, कंपनी बुडता बुडता, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात खेळ बाहेर आला. अमेरिकेत पोचायला १९९८ उजाडलं. आणि आमच्या नाशिकला, आत्याला सुट्टी मिळेल तेव्हा.

पण माचिदात वाढलेल्या माणसाला सायकलीचं प्रकरण सुचेल यावर माझा विश्वास नाही. खेळात एका दुकानात सायकल आहे, किंमत बरोबर दहा लाख. तुमच्या खिशात जास्तीत जास्त मावतात ९,९९,९९९. म्हणजे जन्मभर काटकसर केलीत तरी सायकलीला एक रुपया कमीच पडणार. मग सायकल मिळते कशी? व्हर्मिलियन गावात पोकेमॉनप्रेमी मंडळ आहे. तिथल्या अध्यक्षांना त्यांच्या लाडक्या रॅपिडॅश घोड्याचं कौतुक सांगायचं असतं. आपण ते मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकायचं. अध्यक्ष खूश होतात आणि सायकलीचं कूपन देतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा गेम बॉयबद्दलचा त्यांचा सगळा विरोध मावळला. "हे मात्र शाळेत शिकवत नाहीत," ते म्हणाले. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला मला ते तेव्हापासून बरोबर न्यायला लागले.

सॅफ्रन शहराची गोष्ट तर विचारूच नका. शहराला चार वेशी आणि चारही वेशींवर पहारेकरी. रस्ता बंद आहे, असं सांगतात. पण बोलता बोलता घसा कोरडा पडल्याचं सुचवतात. त्यातल्या एकाला थंड प्यायला दिलंत की तो म्हणतो, बाकीच्यांनाही देतो, आणि चारही वेशी उघडतात. एका टेबलावर दिलं की चारही टेबलांना पोचतं ही व्यवस्था मला पुढे ड्रायव्हिंग लायसन्स काढताना पुन्हा भेटली. तिथे मात्र पाण्याच्या बाटलीवर भागलं नाही.

हे थंड पेय सेलॅडनच्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर यंत्रातून मिळतं. साधं पाणी दोनशे, सोडा तीनशे, लिंबूसरबत साडेतीनशे. आता गंमत बघा. जखमी पोकेमॉनला दुकानातलं सुपर पोशन दिलं तर पन्नास गुणांनी तब्येत सुधारते, किंमत सातशे. लिंबूसरबत दिलं तर ऐंशी गुणांनी, आणि किंमत निम्मी. मी हा शोध जाहीर केल्यावर आजी काही बोलली नाही. फक्त आईकडे बघितलं. आईने माझ्या तापाला डॉक्टरांकडून आणलेली गोळी तेव्हा टेबलावरच होती.

आजीला लॅव्हेंडर टाऊन मात्र आवडलं नाही. तिथे मेलेल्या पोकेमॉनचा सात मजली मनोरा आहे, भुतं आहेत, आणि त्या गावाचं संगीत ऐकून धीट माणसाचीही पोटऱ्यांतली शक्ती जाते. जुनिची मासुदांनी ते रचलंय. चारच बारीक स्वर एकामागून एक फिरत राहतात. आजी देवापाशी दिवा लावत असताना ते घरात घुमायला लागायचं. "तिन्हीसांजेला ते स्मशान बंद कर आधी," असा हुकूम सुटायचा. पण लढाई चालू असताना खेळ सेव्ह करता येत नाही, हे मोठ्या माणसांना कुणी समजावायचं? 'जेवायला ये' आणि 'दोन मिनिटं' यांच्या मधल्या त्या प्रदेशात माझी दोन वर्षं गेली.

आता मुद्द्याचं. खेळात वस्तू मिळतात, त्यांच्या जोरावर जिंकायचं असतं. मूर्च्छेतून उठवणारी औषधं, शक्ती परत आणणारे काढे, खाल्ल्याबरोबर एक पायरी वर नेणारी 'रेअर कँडी', प्राण्याला नवी विद्या शिकवणारी यंत्रं, जी एकदाच वापरता येतात. अमेरिकेतली मुलं ही मिळताक्षणी वापरत असत. आतेभाऊ तर कँडी दिसली की चारून मोकळा. मी एकही वापरली नाही. पुढे लागेल. पाहुणे आले तर? म्हणजे मोठा उस्ताद आला तर? थैलीत वीसच प्रकार मावत, त्यामुळे जास्तीचं सगळं कॉम्प्युटरमध्ये ठेवायची सोय होती, आणि तो कॉम्प्युटर म्हणजे आमचा माळा झाला. गेलेलं सामान परत खाली येत नसे. मी साधी स्वस्तातली पोशनं पाजत पाजत, धापा टाकत, हरत-हरत लढलो. हरलं की निम्मे पैसे जात. तेही मी गेलेले चालवून घेतले, पण माळ्यावरच्या काढ्यांना हात लावला नाही.

या सगळ्याचं शिखर म्हणजे मास्टर बॉल. साधा पोकेबॉल फेकला तर प्राणी निसटू शकतो. मास्टर बॉल कधीच चुकत नाही. आणि तो अख्ख्या खेळात एकदाच मिळतो. टीम रॉकेट नावाच्या टोळीने सिल्फ कंपनीची अकरा मजली इमारत बळकावलेली असते. ती सोडवून दिली की कंपनीचे अध्यक्ष तो हातावर ठेवतात. (या खेळात अध्यक्षांशी संबंध चांगले ठेवावेत.) असा बॉल दिवाळीच्या करंज्यांसारखा उडवून टाकायचा असतो का? तो ठेवायचा असतो. माझ्या वाटेत आर्टिकुनो आला, झॅप्डॉस आला, मोल्ट्रेस आला. प्रत्येक जण जगात एकुलता एक. तिघांनाही मी साध्या बॉलांनी, संध्याकाळच्या संध्याकाळ घालवून पकडलं. शेवटी सेरुलियनच्या गुहेत म्यूटू समोर आला. सत्तराव्या पायरीवरचा, त्या खेळातला सर्वांत बलवान प्राणी, ज्याच्यापलीकडे काहीच नाही. मास्टर बॉल त्याच्यासाठीच आहे, हे आतेभावाने फोनवर ओरडून सांगितलं होतं. मी अल्ट्रा बॉल फेकत बसलो. समजा, यानंतर आणखी कुणी आलं तर?

तेवढ्यात आला मिसिंगनो. ही दिवाळीतल्या फोनची देणगी. फोन तिकडून आलेला, म्हणजे बिल आत्याचं. त्यामुळे सगळ्यांची प्रकृती विचारून झाल्यावर मलाही तो मिळाला. आतेभावाने कृती सांगितली आणि मी ती कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतली. व्हिरिडियन गावात एक आजोबा आहेत, जे सकाळची कॉफी मिळेपर्यंत रस्त्यातून उठत नाहीत (मूळ जपानी खेळात ते दारू पिऊन पडलेले असतात, अमेरिकेला येताना सुधारले). त्यांच्याकडून प्राणी पकडण्याचं प्रात्यक्षिक बघायचं, लगेच उडत सिनाबार बेटावर जायचं आणि पूर्व किनाऱ्याच्या कडेकडेने पोहायचं. प्रात्यक्षिकात आजोबांचं नाव दिसावं म्हणून खेळ तुमचं नाव तात्पुरतं दुसरीकडे ठेवतो, नेमकं तिथे, जिथे त्या भागातल्या प्राण्यांची यादी असते. किनाऱ्यावर ती यादी पुन्हा भरली जात नाही, आणि तुमच्या नावाच्या अक्षरांतूनच प्राणी जन्माला येतात. त्यातलाच एक मिसिंगनो. फाटक्या ठिपक्यांचा, अर्धवट पुसलेला ठोकळा. तो भेटला की थैलीतल्या सहाव्या वस्तूत १२८ ची भर पडते. हॉल ऑफ फेममधल्या नोंदींचा विचका होतो तो वेगळाच.

सहाव्या जागी मी मास्टर बॉल ठेवला. एकाचे सव्वाशेच्या वर झाले. आकड्याच्या जागी कसलंसं चिन्ह दिसायला लागलं, इतके झाले. त्या रात्री मी खूप वेळ पडद्याकडे बघत राहिलो. आणि मग ते सगळे कॉम्प्युटरमध्ये नेऊन ठेवले.

प्रमाणपत्र मला मिळालं नाही, ते मात्र वेगळ्या कारणाने. रेडमध्ये काही प्राणी येतच नाहीत, ते 'ब्लू' या जुळ्या खेळवाल्याकडून केबलने घ्यावे लागतात. काही असे हटवादी की केबलमधून दुसऱ्या यंत्रात गेल्याशिवाय पुढच्या रूपात बदलतच नाहीत. नाशिकमध्ये माझ्या माहितीत दुसरा गेम बॉय नव्हता. माझा कडाब्रा हातात चमचा घेऊन शेवटपर्यंत कडाब्राच राहिला. पुढे सायबर कॅफेत इम्युलेटर आले, पोरं तासाला काही रुपये मोजून चौपट वेगाने सगळं खेळून मोकळी झाली. त्याला काय खेळणं म्हणायचं! सेल वाळत घातल्याशिवाय?

म्यू नावाचा एकशे एक्कावन्नावा प्राणी व्हर्मिलियनच्या धक्क्यावरच्या ट्रकखाली असतो, ही अफवा मात्र केबल नसतानाही नाशिकपर्यंत पोचली. मी तो ट्रक खूप ढकलला. खाली काही नव्हतं. म्यू खरा होता, पण शिगेकी मोरिमोतोंनी खेळ तयार झाल्यावर, तपासणीची साधनं काढून टाकल्यानंतर उरलेल्या तीनशे बाइटच्या जागेत तो गुपचूप बसवला होता. उरलेली जागा वाया जाऊ द्यायची नाही, हे वळण आमच्याच घरातलं.

तुमच्याकडेही कुणाच्या आत्याने आणलेलं एखादं लाल किंवा निळं कार्ट्रिज पडलं असेल तर एवढं करा. त्याच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो आणि तुम्ही सेव्ह केलेलं सगळं त्याच्यावर जगतं. तो उन्हात ठेवून उपयोग नाही. तो संपला की प्राणी, बिल्ले, पैसे, सगळं एका क्षणात जातं, आणि एवढ्या वर्षांनी बहुतेकांचा संपतोय. दुरुस्तीवाला डाखून नवा बसवून देतो, पण साध्या पद्धतीने जुना काढताना सेव्ह पुसलंच जातं. तेव्हा खेळ अजून चालू होत असेल तर दुरुस्तीला देण्याआधी तो मास्टर बॉल कॉम्प्युटरमधून काढा आणि समोर येईल त्या पहिल्या चिमणीवर फेका.